बधीर जबड्याची परीक्षा

माझी मावशी दातांच्या दवाखान्यात मदतनीस होती आणि संध्याकाळी माईक हातात घेऊन लोकांना हसवायची. पहिलं काम लोकांना चालायचं, दुसरं खुपायचं. बाईमाणसाने चारचौघांत असलं बोलू नये म्हणे. मग कुणी बोलावं, भिंतींनी?

नवरा गेल्यावर थोड्याच दिवसांत ती स्टेजवर उभी राहिली. "लोक म्हणतात, आता घर खायला उठेल. नवरा होता तोवर तो उठायचा खायला. घर निदान गरम गरम तरी मागत नाही!" अर्धे हसले, अर्धे उठून गेले. उठणाऱ्यांत पहिली माझी आई, तिची सख्खी थोरली बहीण. मावशीचे सगळेच विनोद धड होते असंही नाही. माझ्या बाबांच्या टकलावरचा तर निव्वळ फालतू होता, आणि तो तिने वर्षानुवर्षं सोडला नाही.

पण तिचा एक नेम होता. नवा विनोद आधी दवाखान्यातल्या खुर्चीवर. डॉक्टर इंजेक्शन द्यायचे आणि जबडा बधीर होईपर्यंत बाहेर फोनवर बोलत बसायचे. तेवढ्यात मावशी पेशंटला विनोद ऐकवायची. "धडधाकट तोंडाने कुणीही हसतं गं," ती मला सांगायची. "बधीर तोंडाने हसला, लाळ गळली, की माल पक्का." ज्याच्यावर विनोद तोच खुर्चीत सापडला, तर पहिला मान त्याचा. पाठीमागे बोलणं तिला चोरी वाटायचं.

एकदा आमचे नगरसेवक दाढ धरून आले. मी मावशीला न्यायला गेले होते, बाहेरच्या बाकावरून उघड्या दारातलं सगळं दिसत होतं. मावशीने त्यांच्या गळ्यात कागदी रुमाल अडकवला आणि सुरू झाली, "साहेब, आमच्या गल्लीतल्या संडासाचं तुम्ही तीनदा उद्घाटन केलंत. तीनदा फीत कापली, पाणी एकदाही आलं नाही. शेवटी मी म्हटलं, साहेब, एकदा आत तरी जाऊन या. तर तुम्ही म्हणालात, 'नको, मी घरूनच जाऊन आलोय!'" साहेब इतके हसले की रुमाल लाळेने भिजला.

तोच विनोद शनिवारी नगरपालिकेच्या सभागृहात झाला. लोक पोट धरून हसले, आणि साहेबांच्या भावना दुखावल्या. डॉक्टर मावशीला म्हणाले, "बाई, माफी मागून मोकळ्या व्हा. नोकरी टिकेल."

"हसले ते, आणि माफी मी मागू?"

नोकरी गेली. सभागृहाचं दार तिला कायमचं बंद झालं. मग ती एका गॅरेजात बोलायला लागली, लोकांना जुन्या टायरांवर बसवून. पोटासाठी कपडे शिवले. माफी मात्र मागितली नाही. शेवटचे महिने ती आमच्याकडेच होती, पलंगाला खिळलेली.

ती गेली आणि त्याच सभागृहात शोकसभा ठेवली. मेल्यावर सगळेच गोड बोलतात. साहेबही आले, फोटोला हार घातला, घसा खाकरला. "आमच्यात थोडं झालं होतं. पण शेवटच्या दिवसांत बाई माझ्या घरी आल्या, माफी मागितली. मीही मोठ्या मनाने सगळं विसरलो."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. जी गोष्ट राखायला मावशीने नोकरी घालवली, ती हा माणूस हाराखाली गाडून चालला होता, आणि लोक माना डोलवत होते. तेवढ्यात शेजारी बसलेल्या आईने माझा हात धरला. मला वाटलं, गप्प बस म्हणेल.

"जा," आई म्हणाली. "पण तो विनोद माझ्या बहिणीसारखा सांग. मध्येच हसू नकोस."

मी माईक घेतला. "माझ्या मावशीने माफी मागितली नाही. तिला पलंगावरून उठता येत नव्हतं, आणि उठता आलं असतं तरी मागितली नसती. खुर्चीत हसलं कोण होतं, ते मी पाहिलंय." मग साहेबांकडे तोंड करून संडासाचा विनोद पहिल्यापासून सांगितला. शेवटाला आधी मागे कुणालातरी हसू फुटलं, मग टकल्या बाबांना, मग आईला, मग सगळ्या सभेला. साहेबांनी घाईघाईने खिशातला रुमाल काढून तोंडावर दाबला. त्यांचे खांदे गदगदा हलत होते, आणि या वेळी तर इंजेक्शनही दिलेलं नव्हतं.