सत्त्वाचा डबा

माझी मुलगी चालायला शिकली आणि मग चालणं विसरली. हे मी पुष्कळ वर्षं कुणाला सांगत नसे, कारण पुढचा प्रश्न ठरलेला, "म्हणजे? असं कसं?" असं कसं ते मलाच कळत नव्हतं. वर्षाची असताना इंदुरात स्नेहलतागंजातल्या आमच्या दोन खोल्यांत ती भिंत धरून नुसता धुमाकूळ घालायची. पावणेदोन वर्षांची होईस्तोवर तिनं बसकण मारली. हातपायांच्या काड्या, पोट मात्र टरारलेलं, आणि दिवसातून सहा-सात वेळा पातळ, फिकट, घाण वासाची शी. लंगोट धुऊन धुऊन माझ्या हातांची सालं निघाली. ती हसेनाशी झाली. शेजारच्या बायका माझ्या तोंडावर काही म्हणत नसत, पण मला ऐकू येईल एवढ्याच अंतरावर उभ्या राहून म्हणत, "ये बच्ची रहेगी नहीं."

जंताचं औषध झालं, यकृताचे थेंब झाले. दृष्ट इतक्या वेळा काढली की घरात मोहरी टिकेना. खजरान्याच्या गणपतीला नारळ बोलून झाला. मध्य प्रदेश नुकता झाला होता, कचेऱ्या भोपाळला चालल्या होत्या आणि ह्यांची बदली आज होते की उद्या, असं चाललं होतं. ह्यांना घरात त्याचीच धास्ती. मला एकच धास्ती होती, ही पोर माझ्या हातची जाते की काय.

आणि माझ्या हातात काय होतं? गव्हाचं सत्त्व. अशक्त लेकराला सत्त्व द्यायचं, हे मी माहेरून शिकून आले होते आणि त्यात मी कसूर केली नाही. गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, चौथ्या दिवशी पाट्यावर वाटायचे. फडक्यातून चीक पिळायचा, निवळला की वरचं पाणी ओतून द्यायचं आणि तळाचा पांढरा साका ताटात पसरून उन्हात वाळवायचा. त्याची पूड पितळेच्या डब्यात. दुधात साखर घालून शिजवली की पोर गपागप खायची. ती आपणहून खायची ते एवढंच. डबा वाजला की तोंड उघडायची. तेवढा वेळ मला वाटायचं, वाचेल.

मग कुणीतरी तुकोगंजातल्या एका डॉक्टरचं नाव सुचवलं. तरुण होता, विलायतेत शिकून आलेला, मराठी येत नसे. त्यानं पोट दाबून पाहिलं, लंगोट मागून घेऊन पाहिला (असा डॉक्टर मी तोवर पाहिला नव्हता) आणि म्हणाला, "तीन हफ्ते गेहूँ बिलकुल बंद कीजिए. मुझे यकीन नहीं है. पर देखते हैं."

मला हसूच आलं. माळव्यात राहून गव्हावर संशय! लोक आमचा गहू बाहेरगावच्या पाहुण्यांना बांधून देतात. घरी येऊन मी ह्यांना म्हटलं, "डॉक्टर पागल आहे." हे म्हणाले, "अगं, बोलला ना तो, तर करून बघ ना. आपल्याजवळ दुसरं आहे काय?" दुसरं काही नव्हतं, हे खरंच. पोळी बंद केली. शिरा बंद, बिस्किट बंद. भात, ज्वारीची भाकरी, भगर. एकदा शेजारणीनं कणकेचा बाफला तिच्या हातात दिला तर मी तो हिसकावून घेतला, इतकी मी डोळ्यांत तेल घालून जपत होते. आणि बिचारीची पोळी तुटली म्हणून सत्त्व दोनदाचं तीनदा केलं.

तीन आठवड्यांनी काट्यावर ठेवली. वजन वाढण्याऐवजी कमीच झालेलं. डॉक्टरचा चेहरा उतरला. "फिर गेहूँ नहीं है," तो म्हणाला. "कुछ और है." काय, ते त्याला ठाऊक नव्हतं. पोळी पुन्हा सुरू झाली. महिनाभरात तिच्या पावलांवर सूज आली. बोट टेकलं की खळगा पडायचा आणि भरायलाच वेळ लागायचा. मी ते बोट टेकून बघत बसायची. दुसरं काय करणार?

पुन्हा त्याच डॉक्टरकडे गेलो, कारण जायला दुसरी जागा उरली नव्हती. त्यानंही बहुधा हात टेकले होते. उगाच विचारल्यासारखं म्हणाला, "दिनभर में जो-जो मुँह में जाता है, सब बताइए. दवा भी." हे सांगत गेले, तो लिहीत गेला. ह्यांचं संपल्यावर मी म्हटलं, "और सत्त्व तो चालूच है. वो मैंने एक दिन भी बंद नहीं किया."

"सत्त्व? ये क्या होता है, बहनजी?"

मी सांगितलं. चांगलं फुशारकीनं सांगितलं, तीन दिवसांचं भिजवणं, पाटा, फडकं, साका, सगळं. त्यानं पेन खाली ठेवलं.

"किस चीज़ का?"

"गेहूँ का," मी म्हणाले. म्हणाले आणि मला ते ऐकू आलं.

तोवर ते मला कधी गहू वाटलंच नव्हतं. ते औषध होतं, आईची माया होती. डॉक्टर रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. तो एवढंच म्हणाला, "धोने में कुछ निकल जाता होगा. सब नहीं निकलता."

ती वाचली, हे इथंच सांगून टाकते. कुणाचा जीव टांगणीला लावायची मला हौस नाही. सगळा गहू तुटल्यावर दोन महिन्यांनी ती खाटेला धरून उभी राहिली. गहूच होता, असं छातीठोकपणे कुणी सांगितलं नाही. तशी तपासणी तेव्हा इंदुरात होत नसे. उंचीनं ती खुजीच राहिली.

पण माझ्या डोळ्यांपुढून जात नाही ती त्या दिवशीची संध्याकाळ. दवाखान्यातून आल्या आल्या मी डबा काढला. गाईला घालावं म्हणून झाकण उघडलं, ते कडेला आपटून वाजलं. खाटेवर पडलेल्या पोरीनं मान वळवली. उठायची ताकद नव्हती. माझ्याकडे बघत तिनं तोंड उघडलं आणि उघडंच ठेवलं.