वरवरची खुरपणी

“गाठ परत आली आहे. त्याच जागी,” डॉक्टर म्हणाले, आणि हिराने, माझ्या धाकट्या जावेने, माझ्याकडे बघितलं. डॉक्टरांकडे नाही. माझ्याकडे. “आक्का, तुमी तर म्हणला व्हता, नाय म्हणून.”

मी म्हणाले होते. चार महिन्यांपूर्वी याच खोलीत डॉक्टर मला म्हणाले होते, “फोटोत आता गाठ दिसत नाही.” हिरा बाहेर बाकावर बसली होती. मी बाहेर आले आणि सांगितलं, “नाय गाठ. गेली.” मधला ‘दिसत’ मी खाल्ला. तिला बरं वाटावं म्हणून, असं मी लोकांना सांगते. मलाही तेच ऐकायचं होतं.

निरगुडसरला आम्ही दोघी एका घरात राहत होतो. दोघींचे नवरे गेलेले, माझी मुलं शहरात, तिची एकच लेक बेल्ह्याला दिलेली. शेत एक, चूल एक, भांडण रोजचं. मी चौथी शिकलेली, पण खुरपणीतलं मला कोणी शिकवायचं नाही. कांद्यात लव्हाळा माजतो. वरचं पातं कापलं की वाफा स्वच्छ दिसतो, पण खाली मातीत त्याच्या गाठी असतात. आठ दिवसांत पुन्हा हिरवा. हिरा घाईची. पातं कापून पुढे सरकायची. मी मागून ओरडायची, “हिरे, वरवर खुरपतीस आन् पाठ दुखली म्हणून सांगतीस!” ती वळूनही बघायची नाही. “गाठी तुमच्या, पातं माझं. वाटणी झाली, आक्का.” चाळीस वर्षं हेच.

मग तिच्या डोक्यात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, आणि पुण्याला सहा आठवडे लाईट घेतली. किरणांच्या उपचाराला आमच्याकडे लाईटच म्हणतात. डोकं हलू नये म्हणून तिच्या चेहऱ्यावर गरम प्लास्टिकची जाळी दाबून मुखवटा केला होता, रोज तो टेबलाला अडकवून तिला खाली निजवायचे. शेवटच्या दिवशी तिने तो मागून घरी आणला आणि खुरप्यांच्या खुंटीला लावला. “बघा, माझं नाक तुमच्यापरीस सरळ हाय.”

त्यानंतर ती चांगली होती. लेक न्यायला आली, म्हणाली, “आई, चार महिने माझ्याकडं ऱ्हा.” हिरा म्हणाली, “गाठ नाय म्हणल्यात डॉक्टर. मग आत्ताच कशाला? कांदा निघू दे, पुढं सवडीनं येते.” मी गप्प बसले. मला खुरपायला जोडीला माणूस हवं होतं… तेवढंच नाही, घरात माणूस हवं होतं.

गाठ परत आल्याचं कळलं त्या दिवशी मी डॉक्टरांना विचारलं, “एवढी लाईट दिली, तरी गाठ मेली कशी नाय?” त्यांनी नीट सांगितलं. किरणांनी पेशीच्या आतला धागा तुटतो, बहुतेक पेशी मरतात. पण काही पेशी तुटलेला धागा जोडून घेतात. काही नुसत्या झोपून राहतात, आणि झोपलेल्यांवर किरणांचा परिणाम कमी होतो. त्या मागे उरतात, फोटोत दिसत नाहीत, आणि पुढे त्यांच्यापासूनच वाढते ती गाठ जास्त चिवट.

“मग परत द्या.”

“त्याच जागी पुन्हा तेवढी दिली तर चांगला मेंदू जाईल, आजी.”

मी म्हणाले, “म्हंजी लव्हाळा.” डॉक्टरांना कळलं नाही. हिराला कळलं. ती हसली, खरंच हसली. “आक्का, औंदा तुमी वरवर खुरपलं.”

पुढे तिची वाचा गेली, उजवा हात गेला. लेक येऊन बसायची, पण तिला ओळखणारी आई तोवर उरली नव्हती. हिरा जाऊन सहा आठवडे झाले. तेराव्याला लेकीने विचारलं, “मोठ्या आई, आई तवा माझ्याकडं का न्हाई आली?” मी सगळं सांगितलं, खाल्लेल्या शब्दासकट. तिने ऐकून घेतलं आणि बॅग उचलली. त्यानंतर तिचा फोन नाही. तिचं बरोबर आहे. ते महिने तिचे होते, मी घेतले.

हिराच्या वाफ्यात लव्हाळा आलाय. रोज सकाळी खुरपं काढताना मुखवट्याला हात लागतो. जाळीत धूळ बसते, मी पुसते. नाक खरंच सरळ होतं. ती चौसष्टची होती, मी अठ्ठ्याहत्तरची. घरात आम्ही दोघी होतो. मी राहिले.