पंचावन्न नंबरचं हेल्मेट

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर, ऑक्टोबरमधल्या एका शनिवारी दुपारी, टेक्सासमधल्या एका लहान कॉलेजच्या मैदानावर आमच्या अमेरिकन फुटबॉल टीमचा एक लाइनबॅकर, म्हणजे बचावफळीतला खेळाडू, डोक्याला मार लागून पडला. तेव्हा सामन्याच्या चारपैकी तिसरा क्वार्टर चालू होता. चौथ्या क्वार्टरमध्ये त्याला पुन्हा खेळायला पाठवण्यात आलं.

मी त्या कॉलेजात अ‍ॅथलेटिक ट्रेनिंगच्या पदवीच्या तिसऱ्या वर्षाला होते. दहावी नागपूरला झाली आणि आम्ही इथे टेक्सासमध्ये, शुगर लँडला आलो, तेव्हापासून फुटबॉल फक्त लांबून पाहिला होता. ही पदवी म्हणजे जिममध्ये लोकांना पळवणं नव्हे, हे मला प्रत्येक सुट्टीत कुणाला तरी समजावून सांगावं लागे. खेळाडूला दुखापत होऊ नये हे बघायचं, झालीच तर त्याच्यापाशी सगळ्यांत आधी पोचायचं, आणि तो आज परत खेळू शकतो का, हे ठरवायला मदत करायची. सकाळी वर्गात हाडं आणि मज्जातंतू, दुपारी सरावाआधी टेपने घोटे बांधणं. टेपला सुरकुती राहिली तर कातडीला फोड येतो. आमचे हेड ट्रेनर सुरकुती दिसली की सगळी टेप कापून टाकत आणि पहिल्यापासून करायला लावत.

हेल्मेटची पद्धतही त्यांनीच शिकवली होती. डोक्याला मार लागलेला खेळाडू खोटं बोलतो, असं ते म्हणत. त्याला खेळायचं असतं, म्हणून तो ‘मी ठीक आहे’ म्हणतो आणि तुमची पाठ वळली की मैदानात पळतो. म्हणून आधी त्याचं हेल्मेट काढून घ्यायचं. हेल्मेटशिवाय रेफरी कुणाला मैदानात उभं राहू देत नाही. ते बाकावर ठेवायचं नाही, हातात धरायचं. कुणीही मागितलं तरी द्यायचं नाही.

त्या शनिवारी टीमचे डॉक्टर आले नव्हते. पडला तो पंचावन्न नंबरचा लाइनबॅकर; फिजिऑलॉजीच्या वर्गात माझ्या शेजारी बसायचा. ईस्ट टेक्सासचा, आईचा एकुलता एक. मला ‘डॉक’ म्हणायचा, आणि परीक्षेच्या आधी माझ्या नोट्स मागायचा. मी त्याला धरून साइडलाइनला आणलं, हेल्मेट काढून घेतलं आणि ठरलेले प्रश्न विचारले.

“आपण कोणाशी खेळतोय?”

त्याने आदल्या शनिवारच्या टीमचं नाव सांगितलं.

“हाफटाइम झाला?”

“अजून कुठे.”

मी त्याला लक्षात ठेवायला तीन शब्द दिले: सफरचंद, खुर्ची, नदी. पाच मिनिटांनी विचारले.

“कसले शब्द, डॉक?” तो म्हणाला आणि हसला.

मी हेड ट्रेनरना सांगितलं. त्यांनी स्वतः प्रश्न विचारले, डोळे पाहिले आणि म्हणाले, “आजचं त्याचं संपलं.” हे त्यांचे शब्द आहेत. मी शेजारी उभी होते.

आम्ही चार पॉइंटनी मागे होतो. चौथा क्वार्टर सुरू झाल्यावर कोच आले.

“माझा पंचावन्न इथे का बसलाय?”

“डोक्याला लागलंय. आज नको,” हेड ट्रेनर म्हणाले.

“जरा गरगरलंय, एवढंच. आणि ही तुझी पोरगी माझं हेल्मेट पर्ससारखं धरून का उभी आहे?”

दोनचार खेळाडू हसले. हेड ट्रेनरना कामावर ठेवायचं की नाही, हे आमच्या कॉलेजात फुटबॉलचा कोच ठरवत असे. सगळ्यांना ते माहीत होतं. हेड ट्रेनरनी खिशातून हुंगवून तरतरी आणायची अमोनियाची कॅप्सूल काढली, पंचावन्नच्या नाकाखाली फोडली आणि त्याला एकच प्रश्न विचारला: “तुझं नाव काय?”

त्याने नाव सांगितलं.

“ठीक आहे तो,” हेड ट्रेनर म्हणाले, आणि माझ्याकडे वळले. “दे.”

“त्याला हाफटाइम आठवत नाही,” मी म्हणाले.

“दे म्हटलं ना.”

मी हेल्मेट सोडलं नाही. त्यांनी पुढची जाळी धरून ते ओढून घेतलं आणि त्याच्या डोक्यावर चढवलं. हनुवटीचा पट्टासुद्धा त्यांनीच लावला, कारण त्याला तो लावता येत नव्हता.

कोचकडून मला काही अपेक्षा नव्हती. हेड ट्रेनरांवरचा राग आजही तेवढाच आहे. टेपची एक सुरकुती त्यांना चालत नव्हती.

दुसरी धडक फार जोराची नव्हती. तो उठला आणि समोरच्या टीमच्या बाकाकडे चालत गेला. तिथे गुडघ्यांवर बसला आणि ओकला. अ‍ॅम्ब्युलन्स आली. सामना आम्ही हरलो.

रविवारी मी घरी गेले. बुद्धवंदना आटोपून जेवणं चालली होती. प्लेनोहून बाबांचे मित्र आले होते, काका आणि काकू.

“मग, किती पाय बांधले या आठवड्यात?” काकांनी विचारलं.

“पाय नाही हो, घोटे,” आई म्हणाली.

“तेच ते. आपल्या चार पिढ्यांनी लोकांचे पाय धरले. ही डिग्री घेऊन धरतेय.”

मी ताट बाजूला सारलं आणि शनिवारी काय झालं ते सांगितलं. उद्या कॉलेजात चौकशी होणार होती, तेही सांगितलं.

“तू तुझं काम केलंस ना? मग सोड यार,” काका म्हणाले. “त्यांचा गेम, त्यांचा पोरगा. तू तुझी सही घे आणि पास आउट हो.”

सही म्हणजे माझ्या प्रत्यक्ष कामाच्या तासांवरची हेड ट्रेनरांची. तिच्याशिवाय सर्टिफिकेशनच्या परीक्षेला बसता येत नसे.

“त्या पोराची आई आली का गं दवाखान्यात?” काकूंनी विचारलं.

“माहीत नाही.”

बाबा पाणी प्यायले. “जे झालं ते सांग. जास्त नको, कमी नको.”

“आणि हिला ग्रॅज्युएट कोण करणार? तुम्ही?” काका म्हणाले.

बाबांनी माझं ताट पुन्हा माझ्यापुढे सरकवलं.

सोमवारी सकाळी हेड ट्रेनरनी मला त्यांच्या खोलीत बोलावलं. दार लावून घेतलं. “क्रीडा विभागाचे संचालक तुला विचारतील. दुसऱ्या वेळी त्याने सगळी उत्तरं बरोबर दिली, असं सांग.”

“दुसऱ्या वेळी एकच प्रश्न होता.”

“तुझ्या तासांवर मी सही करतो. लक्षात आहे ना?”

“आहे.”

संचालकांना मी क्रमाने सांगितलं: प्रश्न, उत्तरं, तीन शब्द, कॅप्सूल, हेल्मेट. त्यांनी मध्ये एकदाच विचारलं, “तुला हा खेळ नीट समजतो का?” मी म्हणाले, मी खेळाबद्दल बोलत नाहीये. त्या आठवड्याच्या अखेरीला त्यांनी निर्णय दिला की सगळं पद्धतीप्रमाणे झालं होतं. मला फुटबॉलवरून काढून मुलींच्या टेनिसवर टाकण्यात आलं. तिथले तास मोजले जात, पण सही हेड ट्रेनरांचीच लागे. त्यांनी ती पुढच्या वर्षी केली, माझ्याकडे न बघता.

पंचावन्न नंबरचा तो त्याच वर्षी नोव्हेंबरात वर्गात परत आला. गडद चष्मा लावून बसायचा. मी त्याला नोट्स वाचून दाखवायचे. पानाच्या मध्यावर तो म्हणायचा, “डॉक, पहिल्यापासून.” फेब्रुवारीत त्याची खुर्ची रिकामी राहू लागली. मार्चमध्ये मी त्याच्या घरी फोन केला. त्याच्या आईने उचलला. त्याने कॉलेज सोडलं आहे, ती म्हणाली, तो घरीच आहे, आणि दुपारी उजेड सहन होत नाही म्हणून तिने त्याच्या खोलीच्या खिडकीला घोंगडी लावली आहे.