लाइनचा होकार

सकाळपासून पोटात बाळ हललंच नाय. मी पट्ट्यासमोर उभी, हातात मिरचीपूडची पिशवी, आणि मधेच डोक्यात आलं की घरातून निघताना पण हललं नव्हतं, चहा पिताना पण नाय. माझे हात थांबले. पाकिटं साचली, साचून खाली पडायला लागली. सातवा चालू होता मला.

डोंबिवलीत मसाल्याच्या कारखान्यात मी पॅकिंगला होती, आंबिवलीवरून यायची. तिथे सुट्टीची एक पद्धत. सुपरवायझर सरांना विचारलं की ते बोलायचे, "मला काय, लाइनला विचार." मग जेवणाच्या सुट्टीत उभं राहायचं आणि सगळ्या बायकांकडे मागायचं. एक बाई कमी झाली की तिची पाकिटं बाकीच्यांनी भरायची, नायतर शिफ्ट संपल्यावर सगळ्यांनी थांबायचं. सर मोकळे. वाईट कोण, तर आपण.

पाचव्यात कल्याणच्या डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफीला बोलावलेलं. मी उभी राहिली. "कशाला गं? नाक कोणावर गेलंय ते बघायला?" एक बोलली, सगळ्या हसल्या. खडवलीवरून येणारी मावशी बोलली, "आमच्या वेळेला कुठे होते डॉक्टर? माझी मोठी शेतावर झाली." पुढच्या महिन्यात परत विचारलं तर कोणी मान पण वर केली नाय. भात कालवत बसल्या. ते चावायचे आवाज मला अजून ऐकवत नाय.

तर त्या दिवशी मी ओरडली पण नाय, नुसती बोलली, "मावशी, बाळ हलत नाय." सर लांबून बोलले, "पट्टा बंद करू नका." मावशीने पिशवी उघडायला थुंकी लावलेलं बोट ॲप्रनला पुसलं आणि तोच हात माझ्या पोटावर ठेवला. मिरचीचा वास, घामाचा वास. बाळ चाचपल्यासारखं केलं आणि बोलली, "हललं की गं. आत्ता हललं. उगाच घाबरते. भर पाकिटं."

नव्हतं हललं. पोट माझं, मला कळत नाय? आणि समोरच्या दोघी लगेच, "हां हां, आम्ही पण बघितलं, ॲप्रन हललं ना." पाकिटं त्यांच्या अंगावर येऊ नयेत म्हणून. मला अशी शिसारी आली की मी तशीच निघाली, टोपी, ॲप्रन सगळं अंगावर. सर मागून बोलतायत, "लाइनला विचारलंस का?" मी मागे बघितलं नाय. माझे कागद कल्याणच्या दवाखान्यात, पण तिथपर्यंत दम नव्हता. रिक्षावाल्याला बोलली, बायकांचा जो दवाखाना जवळ असेल तिथे सोडा.

तिथल्या मॅडमनी पोटावर मशीन फिरवली. नुसती खरखर. परत फिरवली, परत खरखर. मग ठोके आले. मी रडली नाय, मला उलटी झाली. प्रेशर खूप वाढलेलं. "इतके दिवस तपासून का नाही घेतलंस?" मॅडम रागावल्या. काय सांगणार, बायका हो बोलल्या नाय म्हणून? त्यांनी मला ठेवूनच घेतलं.

पोरगी झाली, दिवस भरायच्या आधी, एवढीशी. पण जगली. आता मांडीवर आहे, दूध ओढतेय.

काल मावशीचा फोन. आवाज इतका गोड की मोबाईल पुसावासा वाटला. "बघ, बोललेली ना मी, हललं म्हणून?" मग हळूच बोलली, "तू गेलीस, आम्हाला किती थांबायला लागलं. बायका चिडल्यात. सर परत घेतील तुला, फक्त एकदा सगळ्यांसमोर माफी माग."

नवरा बोलतो, "मागून टाक ना. तोंडानेच बोलायचंय. माझ्या एकट्याच्या पगारात कसं होणार?" त्याचं पण खोटं नाय. पण जिने पोटावर हात ठेवून मला फसवलं, पोरगी पोटातच गेली असती तरी जिने पाकिटंच भरायला लावली असती, तिच्यापुढे मी बोलायचं की माझं चुकलं.

तुम्ही माझ्या जागी असता तर मागितली असती माफी?