पहिल्या पगारापर्यंतची चावी

घुग्घुस भागातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो, तेव्हाची ती लाल मोटारसायकल अजून डोळ्यांपुढून हलत नाही.

खाणीच्या गेटवरून दुचाक्या चोरीला जाण्याचे गुन्हे वाढले होते. सकाळच्या हजेरीला रोज तोच विषय. अशात फाट्यावरच्या चहावाल्याने खबर दिली. "साहेब, एक लाल गाडी आहे. चालवनारा दर खेपेला येगळाच. कधी पोरगा, कधी पोरगी. अन् संध्याकाळी नाल्याकाठच्या झुडपात लपवून ठेवून राह्यले."

दुसऱ्या दिवशी नाकाबंदी लावली. पहिल्या पाळीच्या गर्दीत ती गाडी आली. चालवणारी एक तरुण मुलगी, हेल्मेट डोक्याला मोठे होणारे. परवाना तिचा होता. गाडीचे कागद नव्हते.

"गाडी कोणाची?"

"गावची."

"गावाच्या नावावर गाडी असते का?" हवालदाराने विचारले.

"असती तर बरं झालं असतं, भाऊ."

हवालदार हसला. मालकाचे नाव मात्र ती सांगेना. खोटे बोलणारा माणूस भराभर नावे घेतो, असा माझा अनुभव. ही एकही घेत नव्हती. शेवटी म्हणाली, "साहेब, गाडी ठेवून घ्या. पण मले गेटपर्यंत सोडा. वजनकाट्यावर नवीनच लागली आहो. उशीर झाला का ठेकेदार दुसरीले उभी करते."

तिचे नाव-गाव लिहून घेतले, गाडी ठाण्यात लावली आणि हवालदाराला तिला जीपने सोडायला सांगितले. गेट दिसू लागताच तिने जीप थांबवली. "इथीच उतरवा भाऊ. कोणी पाह्यलं तर म्हनतीन, काऊन पकडली हिले?"

हवालदाराला वाटले, ही आता परत दिसायची नाही. पाळी संपल्यावर ती चालत ठाण्यात आली.

तोवर चॅसिस नंबरवरून मालकाचे नाव मिळाले होते. सिमेंट कारखान्यातला कामगार, आजाराने वारलेला. एवढे आम्हाला कळले आहे म्हटल्यावर ती बोलली. त्याच्या बायकोने गाडी गावातल्या पोरांना दिली होती, स्वतःच्या नावावर करायची राहिली होती. "मी नाव सांगतलं असतं तर मेलेल्याच्या नावावरची गाडी म्हनून तुम्ही कायमचीच जप्त केली असती. मंग माझ्यामागून कामाले लागनारे कसे जातीन?"

खातरजमा करायला आम्ही गावात गेलो. रस्ता नाल्यापाशी संपत होता, पुढे पाण्यातून पायी. गाडी झुडपात का राहते, हे बूट हातात घेतल्यावर समजले. बाईने गाडीची दुसरी चावी पुढे ठेवली.

"माणूस गेला अन् गाडी उभी राह्यली," ती म्हणाली. "पोरं पायी सडकेवर जात, तवर बस निघून जाय. लागलेली कामं सुटत. मंग म्हनलं, फिरू दे."

"कोणाला द्यायची, हे कसं ठरतं?"

"ज्याचं काम नवीन, त्याच्याकडे चावी. पहिला पगार झाला का त्यानं आपली सोय पाहावी."

"आणि कोणी परत केलीच नाही तर?"

"घेऊन जाईल कुठी, साहेब? पुढचा दारात उभाच राह्यते."

गाडी त्याच दिवशी सोडली. हवालदाराने आपल्या सुटीत बाईला आरटीओत नेऊन ती तिच्या नावावर करून दिली. मुलगी काट्यावर टिकली. चोरांची टोळी पुढे दुसरीकडेच सापडली.

घरी हे सांगितले तेव्हा बायको म्हणाली, "त्या बाईला ठाणेदार करा." मी पुष्कळ वेळ हसत होतो.

काम देणारे शिक्षण विचारतात, अनुभव विचारतात. घरापासून गेटपर्यंत कसा येशील, हे कोणी विचारत नाही. चांगली पोरे त्या मधल्या वाटेवरच गळतात. हे मला त्या तपासाने दाखवले, आणि उभ्या गाडीचे काय करायचे तेही. ते मात्र उशिरा उमगले.

बायको जाऊन वर्ष होत आले. तिची स्कूटी अंगणात कव्हर घालून उभी होती. आरमोरीकडची एक मुलगी आमच्या गल्लीत भाड्याने राहायला आली आहे. दवाखान्यात नुकतीच लागली, आणि सकाळच्या ड्यूटीच्या वेळी तिला ऑटो मिळत नाही. स्कूटी आधी माझ्या नावावर करून घेतली, तेवढा धडा पक्का होता. मग चावी तिच्या हातात दिली.

"काका, वापस कधी करू?"

"पहिला पगार झाला की. मग दुसऱ्या कोणाला."

तिने आरसा आपल्या उंचीला वळवला. इतके दिवस तो बायकोच्या नजरेला लावलेला होता. मी फाटक उघडून धरले.