आबांच्या आवाजातली ॲनिमे मालिका

"गिलियन-बारे सिंड्रोम," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी रबराची छोटी हातोडी ॲप्रनच्या खिशात ठेवली. माझ्या दोन्ही गुडघ्यांवर त्यांनी ती मारून पाहिली होती. पाय जरासुद्धा उडाला नव्हता.

मी रत्नागिरीतल्या एका हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवते. गुडघ्याखाली ठोकलं की पाय आपोआप उडतो, हे दरवर्षी एखाद्या मुलाला टेबलावर बसवून दाखवते. आज माझा स्वतःचा पाय तसाच लोंबकळत राहिला.

डॉक्टरांनी सगळं सावकाश समजावलं. शरीराची प्रतिकारशक्ती चुकून आपल्याच नसांवर उलटते. नसांवरचं आवरण खराब होतं, मेंदूचा निरोप स्नायूंपर्यंत पोचत नाही. अशक्तपणा पायांपासून वर चढत जातो. बहुतेक लोक बरे होतात, पण वेळ लागतो.

आबा, म्हणजे माझे वडील, शेजारी फाइल धरून बसले होते. त्यांचं आयुष्य मालवाहू बोटींच्या इंजिनरूममध्ये गेलं. आई गेल्यापासून घरी आम्ही दोघंच. त्यांनी एकच विचारलं, "वायरीचं इन्सुलेशन जातं, तसं?"

"अगदी तसंच," डॉक्टर म्हणाले.

सुरुवात साधीच झाली होती. दोनेक आठवड्यांपूर्वी माझं पोट बिघडलं होतं. ते बरं झालं आणि मग तळपायांना मुंग्या यायला लागल्या. उभं राहून शिकवल्यामुळे असेल असं वाटलं. एके दिवशी शाळेचा जिना चढून वर गेले आणि पाहिलं तर एका पायातली चप्पल खालच्याच पायरीवर. सुटल्याचं कळलंही नव्हतं. दुसऱ्या दिवशी हातातून खडू तीनदा पडला. तेव्हा सुजाता, माझी शाळेतली मैत्रीण, मला रिक्षात घालून हॉस्पिटलात घेऊन आली.

तपासण्या दोन. नर्व्ह कंडक्शन, म्हणजे नसांना विजेचे बारीक झटके देऊन निरोप किती वेगाने जातो ते बघतात. आणि लंबर पंक्चर, म्हणजे पाठीच्या कण्यातून सुईने पाणी काढून तपासतात. ऐकायला वाटतं तेवढं ते दुखत नाही, घाबरू नका. मग आयव्हीआयजी सुरू झालं. रक्तदात्यांच्या रक्तातून काढलेली प्रतिद्रव्यं पाच दिवस थेंबथेंब शिरेतून देतात. ज्यांचं रक्त माझ्यात आलं ती माणसं मला कधी भेटणार नाहीत. त्यांचे आभार इथेच मानते.

सकाळ-संध्याकाळ डॉक्टर एका दमात आकडे मोजायला सांगायचे. छातीचे स्नायू किती थकलेत ते त्यावरून कळतं. पहिल्या दिवशी मी अठ्ठावीसपर्यंत गेले, तिसऱ्या दिवशी पंधरा, चौथ्या दिवशी अकरा. मला आयसीयूत हलवलं. तोवर आजार चेहऱ्यापर्यंत आला होता. हसता येईना, बोलायला दम पुरेना, पापण्या मिटेनात. उघडे राहून डोळे कोरडे पडू नयेत म्हणून सिस्टरांनी मलम घालून त्यांवर पट्टी लावली. आता फक्त आवाज उरले.

इथे मला माझ्या एका आवडीबद्दल सांगायला हवं. बी.एस्सी.ला होस्टेलवर असताना एका मुलीच्या लॅपटॉपवर मी पहिली ॲनिमे मालिका पाहिली. ॲनिमे म्हणजे जपानी चित्रमालिका. तेव्हापासून पंधरा वर्षं बघतेय, पण खोलीचं दार लोटून, कानात इयरफोन घालून. स्टाफरूममध्ये मालिकांचा विषय निघाला की मी वह्या तपासत बसायचे. आबांनी एकदा डोकावून बघितलं होतं. "कार्टून? या वयात?" एवढंच म्हणाले. चिडवत नव्हते, पण मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्यांना काय सांगणार होते मी? की त्या गोष्टी मधेच थांबतात? किटलीतून वाफ निघत असते, तारेवर एक कावळा बसलेला असतो, कोणी काही बोलत नाही, आणि तेवढ्यात आपल्याला त्या माणसाच्या मनातलं कळतं. की त्यातली माणसं हरतात, रडतात आणि दुसऱ्या दिवशी उठून डबा भरतात. लढाया आणि चमत्कारांपेक्षा मला ते डबा भरणंच आवडतं. हे सुजाताशिवाय कुणाला माहीत नव्हतं.

आयसीयूत सकाळी तासभर भेटायला सोडायचे. डॉक्टर आबांना म्हणाले होते, "तिला सगळं ऐकू येतं, सगळं समजतं. बोलत राहा." पण आबा कमी बोलणारे. ऊन वाढलंय, शेजारच्यांनी विचारलंय, एवढं सांगून झालं की गप्प. त्यांचा श्वास ऐकत मी पडून राहायचे.

आयसीयूतल्या तिसऱ्या दिवशी ते आले आणि माझ्या कानाशी जपानी आवाज लागला. मी आजारी पडण्याआधी बघत होते त्याच मालिकेचा चौथा भाग. त्यांनी सुजाताला विचारलं होतं, पोरीला काय आवडतं.

गोष्ट एका मच्छीमार बोटीवरची. इंजिन सांभाळणारी मुलगी कानाने अधू असते. इंजिनाला तळहात लावून ती त्याची तब्येत ओळखते. खाली इंग्रजी अक्षरं येतात ती मला दिसणार नव्हती, म्हणून आबा वाचायचे. त्यांचं इंग्रजी बोटीवर शिकलेलं, वेग कमी. ते फोन थांबवायचे, वाचायचे, मग मराठीत सांगायचे.

"शिडीने खाली उतरली. हात लावलान इंजिनाला." थोडं थांबून, "हा पंप इथे नसतो गो बाय. पण हात बरोबर ठेवलान. आम्हीपण असंच बघायचो."

इंजिनरूममध्ये ते काय करायचे, हे आबांनी मला इतक्या वर्षांत पहिल्यांदा सांगितलं.

रोज एक भाग. मधे मधे आबांचं आयुष्य. एकदा सिस्टरही ड्रिप बदलता बदलता थांबल्या आणि पुढे काय झालं म्हणून विचारलं.

मग तो दिवस आला. सकाळी मोजणी आठवर थांबली. आणखी खाली गेली तर घशात नळी घालून व्हेंटिलेटरवर ठेवावं लागेल, डॉक्टरांनी सरळ सांगितलं. पलंगाशेजारी ते यंत्र सरकवल्याचा आवाज मी ऐकला. आबा आले तेव्हा त्यांचा आवाज वेगळाच होता, तरी त्यांनी सातवा भाग लावला. त्यात मुलीच्या बापाची बोट वादळात सापडते. आबा पुन्हा पुन्हा फोन थांबवत होते. शेवटी म्हणाले, "आला. बोट बंदराला लागली. दोघं जेवायला बसलीत."

बंद पट्टीखाली माझे डोळे वाहिले. दुसऱ्या सकाळी मी नऊपर्यंत मोजलं. त्यानंतर बारा. नळी घालावी लागली नाही.

पुढचं सगळं हळूहळू झालं. पापण्या मिटायला लागल्या, पट्टी निघाली. फिजिओथेरपिस्टनी मला पलंगाच्या कडेला बसायला शिकवलं, मग उभं राहायला. दोन महिने वॉकर. पाचव्या महिन्यात शाळेत गेले. बोटांची टोकं अजून थोडी बधिर आहेत.

वॉकर असतानाच एका दुपारी मी ती मालिका चौथ्या भागापासून स्वतःच्या डोळ्यांनी बघायला घेतली. या वेळी दार उघडं होतं. सातवा भाग आला. त्यात बोट परत येत नाही. मुलगी दोन ताटं मांडते आणि एकटीच जेवते. चुकीचं दिसतंय की काय म्हणून मी ते दोनदा पाहिलं.

आबा मागीलदारी बांगडे साफ करत होते. मी वॉकर घेऊन दारापर्यंत गेले.

"आबा, सातव्या भागात तिचा बाप येत नाही."

"माहीत आहे," ते मान वर न करता म्हणाले. एक बांगडा धुऊन झाल्यावर म्हणाले, "त्या दिवशी मला ते वाचता नाही आलं गो."

खालच्या अक्षरांतलं भाषांतर चुकीचं असलं की मी आणि सुजाता किती चिडायचो. त्या दिवशी आबांनी सांगितलं ते मालिकेत नव्हतंच, आणि त्याच्यावर मी ती रात्र काढली होती.

माझ्यासारखं कुणाला झालं तर एवढंच सांगते. दोन्ही पायांना मुंग्या येऊन त्या वर चढायला लागल्या तर वाट बघू नका, लगेच डॉक्टर गाठा. आणि आपल्याला काय आवडतं ते घरच्यांना धडधाकट असतानाच सांगून ठेवा. त्यात लाजण्यासारखं काही नसतं. माझं सुजाताला माहीत होतं म्हणून बरं.

मागच्या आठवड्यात चहा घेताना मी आबांना विचारलं, उद्या तुम्ही असे पडलात तर तुमच्या कानाशी काय लावू? त्यांनी कप खाली ठेवला.

"डबलबारीची भजनं लाव," ते म्हणाले. "दोन्ही बुवांची. मधेच बंद नको करूस."

दोन बुवा समोरासमोर बसून चढाओढीने गातात, त्या भजनांची आबांना आवड आहे हे मला ठाऊकच नव्हतं. कुठले बुवा, ते विचारून मी त्यांची नावं लिहून घेतली.