एका खेपेला एकच कपॅसिटर

धाराशिव जिल्ह्यात कुठंही एखादी वस्तू बिघडली, की आमच्या व्याह्यांना त्यांच्या ईट गावात घरबसल्या त्याची चाहूल लागते, असं माझं ठाम मत आहे. व्याही म्हणजे आमच्या सुनेचे वडील. नोकरी ग्रामपंचायतीत झाली, पण हयात गेली ती मिक्सर, पंखे आणि शेजाऱ्यांचे रेडिओ उघडण्यात. आमचं भिंतीवरचं घड्याळ त्यांनी दुरुस्त केल्यापासून बिनतक्रार चालतं, फक्त आतला एक स्क्रू बाहेर उरला. तो माझ्या हातावर ठेवून ते म्हणाले, "कंपनीवाले उगं जास्तीचे लावतेत." मी मान डोलावली. व्याह्यांशी वाद घालून सुख कुणाला मिळालंय!

माणूस जुन्या वळणाचा. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही आणि काम असल्याशिवाय तिच्या दारात पाऊल टाकायचं नाही, हे त्यांचे दोन नियम. ईटहून आमच्या परंड्याला मोटरसायकलवर येताना ते स्वतःची पाण्याची बाटली आणतात आणि ती संपली की कोपऱ्यावरच्या टपरीवरून भरून आणतात. आमच्या सौ. दरवेळी आग्रहानं त्यांच्यासाठी चहा टाकतात आणि दरवेळी तो मलाच प्यावा लागतो. माझ्या पित्ताला व्याही जबाबदार आहेत, हे त्यांना अजून कुणी सांगितलेलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात आमचा इन्व्हर्टर बिघडला. लाईट गेली की तो दोनदा टीं टीं करायचा आणि गप्प व्हायचा. सुनेनं फोनवर सहज सांगितलं, तर दुसऱ्या दिवशी सकाळी स्वारी पिशवीसकट हजर. त्यांनी इन्व्हर्टर उघडून मला आतले चार कपॅसिटर दाखवले. बोटाएवढी नळकांडी, चौघांचीही डोकी फुगलेली. "बदलावं लागतेत पाव्हणं. पर एका खेपेला एकच. एकदम समदे बदलले तर बोर्डाला सोसत न्हाय. नव्याची जुन्याशी वळख व्हाय पायजे." कपॅसिटर नव्हे, घरात सून आणायची असावी, अशा काळजीनं ते बोलत होते.

कामाला ते भर दुपारी अंगणात बसत, आणि तरी त्यांना टॉर्च लागे. मी धरतो म्हटलं तर, "तुमचा हात हलतोय, पोरीला पाठवा." मग सून उन्हात टॉर्च धरून बसे. आतून मला ऐकू येई.

"येळंवर जेवती का माय?"

"व्हय आप्पा."

"वाळल्यावानी दिसाया लागलीस."

"आप्पा, कपॅसिटरकडं बघा, हात भाजंल."

तिसऱ्या खेपेला त्यांनी मला पिशवीतून सोल्डरची तार काढून द्यायला सांगितली. तारेशेजारी कागदाच्या पुडीत उरलेले दोन्ही नवे कपॅसिटर होते. चारी पहिल्याच दिवशी घेतलेले होते तर! मी पुडी होती तशी ठेवली आणि तार तेवढी दिली. खरं सांगतो, त्या क्षणी मला हा माणूस फार आवडला.

चौथा कपॅसिटर बसला. मी मेन स्विच बंद केला आणि इन्व्हर्टरनं चूं न करता सगळं घर चालू ठेवलं. सौ.नी टाळ्या वाजवल्या. व्याही मात्र झाकण लावत बराच वेळ बसून राहिले. त्या दिवशी एकही स्क्रू उरला नाही.

त्यानंतर ते आले नाहीत. वाट बघून मीच फोन केला. "या की इवाई."

"का? बंद पडला का काय?" आवाजात केवढी आशा!

"न्हाय हो. झकास चालतोय."

"मग कसं येऊ?"

मी फोन सुनेच्या हातात दिला. ती म्हणाली, "आप्पा, असंच या. मला तुमाला बघायचंय."

पलीकडून हळूच आवाज आला, "असंच येतेत व्हय कुणी लेकीच्या घरी?"

अजून आलेले नाहीत. लाईट रोज जाते, पंख्याचं पातंही थांबत नाही, आणि आम्ही तिघं त्या इन्व्हर्टरकडं रागानं बघत बसतो.